ऑर्फेओची साथ

क्लाउदिओ मोन्तेवेर्दीच्या 'लोर्फेओ' या ऑपेराची छापील प्रत पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती अपुरी वाटते. वर गायकाची ओळ, खाली खर्जाची ओळ, आणि मध्ये बहुतेक ठिकाणी काहीच नाही. खर्जाच्या स्वरांवर कोणते स्वरमेळ उभे करायचे, ते एकदम छेडायचे की उलगडत न्यायचे, कुठे गप्प बसायचं, हे साथीदारांनी ठरवायचं. मी थिऑर्बो वाजवते. माझं सगळं काम त्या मधल्या कोऱ्या जागेतलं.

24 फेब्रुवारी 1607 रोजी मान्तुआच्या राजवाड्यात हा ऑपेरा पहिल्यांदा झाला, आणि 1609 मध्ये व्हेनिसच्या रिच्चार्दो आमादिनोने तो छापला. 1607 मध्येच आगोस्तिनो आगात्सारीने खर्जाच्या ओळीवरून साथ कशी करावी, याची एक पुस्तिका काढली. वाद्यांचे त्याने दोन वर्ग पाडले. ऑर्गन आणि हार्पसिकॉर्डसारखी वाद्यं पाया धरणारी, बाकीची त्यावर नक्षी काढणारी. थिऑर्बो दोन्हीकडे चालतं. मोन्तेवेर्दी त्याला कितारोने म्हणतो. उभं केलं तर माणसाच्या डोक्याला लागेल एवढी लांब मान, आणि पडद्यांच्या बाहेरून थेट टोकापर्यंत गेलेल्या खर्जाच्या मोकळ्या तारा. चढ्या स्वरांच्या दोन तारा मुद्दाम एक सप्तक खाली लावलेल्या असतात, त्यामुळे साथ सहसा गायकाच्या आवाजावर चढत नाही.

जुनीच वाद्यं कशाला, असं पुण्यातले रसिक विचारतात तसं युरोपातलेही विचारतात. माझं उत्तर त्या छापील प्रतीतच आहे. ऑर्फेओ आपल्या मृत पत्नीला परत आणायला पाताळात निघतो, तिथे, दुसरा अंक संपून तिसरा सुरू होताना, मोन्तेवेर्दीची एक सूचना आहे. व्हायोलिनच्या कुळातली वाद्यं, लाकडी नळ्यांचे ऑर्गन आणि हार्पसिकॉर्ड यांनी थांबायचं. ट्रॉम्बोन, कॉर्नेट्टो आणि रेगाल यांनी सुरू करायचं. आणि त्याच सूचनेत, देखावा बदलायचा. पाचव्या अंकाच्या आरंभी याच्या उलट सूचना येते. म्हणजे या ऑपेरात वाद्यमेळ हाच अर्धा देखावा आहे. पडद्यावर गुहा रंगवली आणि साथीला आधुनिक ऑर्केस्ट्राची गुळगुळीत तंतुवाद्यं ठेवली, तर प्रेक्षक पाताळात पोचतच नाही.

त्या पाताळाचा आवाज प्रामुख्याने रेगालचा. रेगाल म्हणजे टेबलावर मावणारा छोटा ऑर्गन. आपल्या पेटीची रीड चौकटीतून मोकळी आरपार हलते. रेगालची पितळी पट्टी मात्र खोबणीच्या काठावर आपटते, म्हणून तो आवाज चिरका, नाकातला आणि उर्मट येतो. मृतांना नदीपार नेणारा नावाडी कारोंते या आवाजावर गातो. आजच्या ऑर्केस्ट्रात रेगालची जागा घेईल असं काहीही नाही. कॉर्नेट्टोचंही तसंच. हे वाकडं लाकडी वाद्य, दोन पोकळ अर्धे भाग चिकटवून वर कातडं गुंडाळलेलं. बासरीसारखी भोकं, पण फुंकायचं तुतारीसारखं. माणसाच्या गळ्याच्या सर्वांत जवळचं वाद्य म्हणून त्या काळी त्याची ख्याती होती.

कारोंतेला वळवण्यासाठी ऑर्फेओ 'पोसेंते स्पिर्तो' हे गाणं गातो. इथे मोन्तेवेर्दीने गायकासाठी दोन ओळी छापल्या आहेत, एक साधी आणि एक ताना-मुरक्यांनी भरलेली, आणि दोहोंपैकी एकच गायची अशी सूचना दिली आहे. साथीला फक्त लाकडी ऑर्गन आणि कितारोने. कडव्यांच्या मधे आधी दोन व्हायोलिन, मग दोन कॉर्नेट्टो, मग दुहेरी तारांचा हार्प अशी जोड मिळत जाते. पुढे पुढे गाण्यातली नक्षी गळून पडते आणि साधी याचना उरते. एवढं करूनही कारोंते बधत नाही! त्याला फक्त झोप लागते, आणि ऑर्फेओ नाव घेऊन निघतो. कलेच्या सामर्थ्याबद्दल इतकं प्रामाणिक दृश्य ऑपेराच्या पहिल्याच दशकात लिहिलं गेलं, याचं मला दर प्रयोगात नवल वाटतं.

वाद्यांच्या जातीइतकंच महत्त्व ती लावण्याला आहे, आणि हे मराठी वाचकाला समजावणं मला युरोपातल्या श्रोत्यापेक्षा सोपं जातं. तंबोरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून गांधार आपोआप ऐकू येतो. पेटीचा गांधार त्याहून सुमारे 14 सेंट चढा असतो. (सेंट म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग.) पेटीच्या अशाच स्वरांवर उपाय म्हणून सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी अर्नेस्ट क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशाच्या सोबतीने विसाव्या शतकाच्या आरंभी श्रुतींची पेटी घडवण्याचा ध्यास घेतला होता. मोन्तेवेर्दीच्या काळातली हार्पसिकॉर्ड आणि ऑर्गन हा शुद्ध गांधार जपून लावत. त्यासाठी प्रत्येक पंचम पाच-साडेपाच सेंट उतरवायचा. मग काही स्वरमेळ असे जुळतात की खोली शांत झाल्यासारखी वाटते, आणि काही ऐकवत नाहीत. जी शार्प आणि ए फ्लॅट यांच्यात 41 सेंटांची फट पडते. पट्टी एकच असल्याने दोहोंपैकी एकाचीच निवड करावी लागते.

थिऑर्बोवर ही फट बोटाखाली येते. पडदे तातीचे, मानेला बांधलेले, सरकवता येणारे. पण एक पडदा सगळ्या तारांखालून जातो. पहिल्या पडद्यावर जी च्या तारेला जी शार्प मिळतो आणि ए च्या तारेला बी फ्लॅट, आणि दोघांना तो पडदा वेगवेगळ्या जागी हवा असतो. म्हणून जी च्या तारेखाली एक चिमुकला जादा पडदा चिकटवतात.

नेमके हेच दोन स्वर दुसऱ्या अंकात लागतात. ऑर्फेओ आणि एउरिदीचे यांच्या लग्नाचा आनंद चालू आहे, मेंढपाळ नाचताहेत, आणि एउरिदीचेला साप चावल्याची बातमी घेऊन तिची सखी सिल्विया येते. ती बोलायला लागते ती लाकडी ऑर्गन आणि कितारोने या दोनच वाद्यांवर. अजून काही न कळलेला मेंढपाळ हार्पसिकॉर्डच्या चकचकीत आवाजावर उत्तर देतो. मग ऑर्फेओ तिला विचारू लागतो. तिचं प्रत्येक वाक्य जी शार्प असलेल्या स्वरमेळाकडे झुकतं, आणि त्याचा प्रत्येक हुंकार बी फ्लॅट असलेल्या स्वरमेळावर पडतो. पियानोवर हा बदल अचानक वाटतो, एवढंच. जुन्या पद्धतीने लावलेल्या वाद्यांवर मात्र दोघांमधलं अंतर कानाला मोजता येतं: तिला माहीत आहे, त्याला अजून पटलेलं नाही. इथे नक्षी करणारा साथीदार मला सहन होत नाही. एक आघात, तो विरू द्यायचा, ऑर्गनने स्वर धरून ठेवायचा, आणि पुढचा स्वरमेळ तिने श्वास घेतल्याशिवाय वाजवायचा नाही.

श्वास ऐकायचा तर गायिका दिसली पाहिजे. आजच्या ऑपेरागृहात वादक रंगमंचाखालच्या खड्ड्यात बसतात, आणि तिथून मला फक्त दिव्यांची रांग दिसते. मान्तुआतच 1608 मध्ये झालेल्या आपल्या 'दाफ्ने'च्या प्रस्तावनेत मार्को दा गालियानोने बजावून ठेवलं आहे की साथीदारांना गायकांचे चेहरे दिसायला हवेत. अपोलो रंगमंचावर वाद्य वाजवण्याचा अभिनय करतो तेव्हा आत चार तंतुवादक दडवून ठेवावेत, त्याचा गज आणि त्यांचे गज एकाच वेळी चालावेत, हेही तो सांगतो. त्यामुळे मी दिग्दर्शकाकडे पहिली मागणी करते ती खड्डा वर उचलण्याची, किंवा साथीदारांचे दोन गट रंगमंचाच्या दोन कडांना बसवण्याची. त्याची दुसरी बाजू तालमीत कळते. रंगमंचाच्या दिव्यांनी हवा तापली की ऑर्गनच्या नळ्या चढतात, रेगालच्या पट्ट्या जवळपास होत्या तिथेच राहतात, आणि तात ओल बदलेल तशी हलत राहते. मध्यंतरात आम्ही चहा पीत नाही, वाद्यं लावतो.

शेवटाचा प्रश्न प्रत्येक मंडळीला नव्याने सोडवावा लागतो. 1607 च्या छापील संहितेत शेवटी मदिरेने बेभान झालेल्या स्त्रिया येतात आणि ऑर्फेओ पळ काढतो. 1609 च्या संगीतात अपोलो ढगातून उतरतो आणि आपल्या मुलाला स्वर्गात घेऊन जातो. त्या स्त्रियांचं संगीत आपल्यापर्यंत पोचलेलं नाही, म्हणून काही जण ते नव्याने रचून घेतात. मला अपोलोचाच शेवट हवा असतो. कारोंतेपुढे जी तानांची कला वाया गेली, तीच इथे बाप आणि मुलगा दोघं मिळून गात वर चढतात. त्यानंतर समूहगान आणि मोरेस्का हा नाच. एवढा वेळ गप्प बसलेल्या ट्रॉम्बोन आणि कॉर्नेट्टोवाल्यांना या नाचात वाजवायचं असतंच, आणि बहुतेक संचालक त्यांना वाजवू देतात. पाचव्या अंकासाठीची सूचना त्यांना थांबवणारी आहे, आणि माझं मत त्या सूचनेच्या बाजूचं आहे.