चषक भाऊंचा, संघ कोणाचा?

बीड जिल्ह्यात पैशावाचून कबड्डीची स्पर्धा अडली, असं मी अजून पाहिलेलं नाही. दुष्काळात नाही, नोटाबंदीत नाही. भाऊंचा वाढदिवस असो की दादांच्या वडिलांचं पुण्यस्मरण, चौकात फ्लेक्स लागतो. वर सात-आठ फोटो, खाली 'भव्य खुल्या कबड्डी स्पर्धा', प्रथम पारितोषिक 51,000 आणि मग मान्यवरांची न संपणारी यादी. मॅट भाड्याने येते, हॅलोजन येतात, यूट्यूबवर सामने दाखवणारा पोरगा येतो, समालोचक तर बाहेरगावाहून मानधन देऊन आणतात. अडतं ते संघांचं. मॅटवर उतरणाऱ्या मंडळाच्या खात्यात त्या रात्री किती रुपये आहेत, हे फ्लेक्सवर छापत नाहीत. मला ते ठाऊक असतं, कारण पासबुक माझ्या कपाटात असतं.

मी सनदी लेखापाल. तरुणपणी डावा कोपरा सांभाळायचो. गुडघ्याने साथ सोडल्यावर ओळखीच्या क्रीडा मंडळांचे हिशेब बघायचं काम गळ्यात पडलं ते कायमचं. फी म्हणाल तर शाल, नारळ आणि उद्घाटनाला मागच्या रांगेतली खुर्ची. त्या बदल्यात एक गोष्ट मिळाली. या खेळाचा पैसा कुठून येतो आणि कुठे जिरतो, हे व्हाउचरसकट बघायला मिळालं.

एका मंडळाची फाइल उघडून दाखवतो. नोंदणी 1860च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, म्हणजे दरवर्षी हिशेब धर्मादाय कार्यालयात द्यायचे. विश्वस्तांपैकी दोघे वारलेले, एक पुण्याला स्थायिक झालेला, आणि त्यांच्या जागी नवी नावं लावण्याचा चेंज रिपोर्ट कोणी भरलेलाच नाही. पावतीपुस्तकात गणपतीतल्या वर्गणीची स्थळप्रत. रोजमेळात ओळी अशा: क्रूझर भाडं. क्रेप बँडेज. गुटगुटीत अक्षरात 'पोरांचा नाश्ता'. पुन्हा क्रूझर भाडं. जमेच्या बाजूला वर्षभरात चार-सहा नोंदी, त्यातल्या निम्म्या अध्यक्षांनी स्वतःच्या खिशातून टाकलेल्या 'हातउसन्या'. त्या हातउसन्या फेडल्याची नोंद शोधायची नसते, हे मला अनुभवाने कळलं आहे.

आता एका रात्रीचं गणित मांडू. समजा, 24 संघ आले. क्रूझरचं भाडं, प्रवेश फी, दोन वेळचं खाणं, चिकटपट्टी, दुखण्यावरचा स्प्रे धरून एका संघाला रात्र सात हजारांना पडली. म्हणजे 24 संघांनी मिळून 1,68,000 रुपये खर्च केले. बक्षिसं चार: 51, 31, 21 आणि 11 हजार. बेरीज 1,14,000. म्हणजे स्पर्धेला आलेल्या संघांनी जेवढे पैसे रस्त्यावर आणि जेवणावर घातले, त्याहून कमी पैसे स्पर्धेने त्यांना परत दिले. या हिशेबाने त्या रात्रीचा एक मोठा प्रायोजक संघच असतो. फ्लेक्सवर त्यांचा फोटो मात्र नाही.

आणि जिंकलेल्याची तरी चांदी होते का? खुल्या स्पर्धेत जिंकायचं तर बाहेरचा एखादा चढाईपटू रात्रीपुरता आणावा लागतो. त्याचा वेगळा आकडा ठरलेला असतो, आणि तो आधी द्यावा लागतो. बक्षिसातून तो वजा करा, भाडं वजा करा. उरलेल्या पैशात पोरं वाटेत मटण खातात आणि ढाल मंडळाच्या कपाटात जाते. बरेचदा फायनल पहाटे दोन-तीनला संपते. तोवर पाहुणे गेलेले असतात, आणि रोख रकमेचं पाकीट 'उद्या घेऊन जा' या बोलीवर राहतं. तो उद्या कधी कधी पुढच्या वाढदिवसापर्यंत लांबतो.

मातीवर हे सगळं निभावत होतं. गाळाची माती चाळून, मुरूम दाबून, पाणी मारून मैदान करायला पैसे लागत नाहीत, हात लागतात. मॅट आली आणि खेळ घरात गेला. पुरुषांचं मैदान 13 बाय 10 मीटर, त्याला पुरेल एवढी चांगल्या प्रतीची मॅट लाखांत जाते. ती पावसात, उन्हात ठेवता येत नाही, म्हणजे छत हवं. छताखाली खेळायचं तर हॉल हवा, आणि हॉलमध्ये संध्याकाळी बॅडमिंटनवाले असतात. ते महिन्याची फी भरतात, त्यामुळे त्यांच्याबद्दल तक्रार करायलाही जागा नाही. परिणाम असा की गावचा पोरगा वर्षभर अनवाणी मातीवर सराव करतो आणि निवड चाचणीला उसने बूट घालून मॅटवर उतरतो. मातीत घट्ट रोवणारा पाय मॅटवर वेगळाच वळतो. गुडघा तिथेच जातो. सरकारने दहीहंडीच्या गोविंदांना विमा दिला, चांगलं केलं. गावच्या चषकात ज्याचं लिगामेंट तुटतं, त्याच्यासाठी व्हॉट्सअॅप ग्रुपवर वर्गणी निघते.

बीडचा म्हणून एक वेगळा ताळेबंद आहे. कबड्डीचा हंगाम थंडीचा आणि ऊसतोडीचाही. दसरा-दिवाळी उरकली की टोळ्या निघतात. उचल आधीच घेतलेली असते, मुकादम दारात उभा असतो, आणि घरातला वीस वर्षांचा दणकट पोरगा मागे ठेवणं कुणाला परवडतं? मी ज्या मंडळांचे हिशेब बघतो, त्यांतल्या एकाचा उत्तम पकड करणारा मध्यरक्षक तीन हंगाम सांगली जिल्ह्यात मोळ्या वाहत होता. त्याला थांबवायचं तर मंडळाने त्याच्या उचलीएवढे पैसे उभे करायला हवे होते. त्यासाठी वहीत कोणतं खातं काढायचं, मला सुचलं नाही. त्याच थंडीत स्पर्धेत बोलावलेल्या गायकाला मात्र पैसे होते.

प्रवासाचंही तसंच. बीड शहराला रेल्वे आली 17 सप्टेंबर 2025ला. ज्या मार्गाला 1995मध्ये मंजुरी मिळाली, त्यावरून अहिल्यानगरहून गाडी यायला तीस वर्षं गेली. तोवर राज्य स्पर्धेला जायचं तर क्रूझर किंवा लाल परी, आणि कोकणात स्पर्धा असेल तर पोरं उतरेपर्यंत अर्धी थकलेली.

प्रायोजक कोण, असं विचाराल, तर पूर्वी साखर कारखाना असायचा. कारखाने अडचणीत आले तसे पतसंस्था आणि मल्टिस्टेटवाले पुढे आले. काही वर्षं जर्सीच्या पाठीवर कुठल्या ना कुठल्या मल्टिस्टेटचं नाव असे. 2023-24मध्ये जिल्ह्यात मल्टिस्टेटच्या ठेवी अडकल्या, तेव्हा हजारो घरांची झोप उडाली. त्या ठेवीदारांत आमचं एक मंडळही होतं. मॅटसाठी साठवलेली रक्कम जास्त व्याजाच्या लोभाने तिथेच ठेवली होती. पोरं पुढचा हंगाम त्याच नावाची जर्सी घालून खेळली, कारण दुसरी घ्यायला पैसे नव्हते.

उरले पुढारी. त्यांना नावं ठेवायची फॅशन आहे, पण हिशेबाच्या बाजूने पाहिलं तर गावाकडची कबड्डी आज त्यांच्यामुळेच दिसते. जिल्हा परिषदेची मुदत 2022मध्ये संपली, निवडणूक लांबत गेली आणि इच्छुकांचे चषक काही आटले नाहीत. अडचण त्यांच्या दानतीची नाही, पैशाच्या मुदतीची आहे. तो पैसा एका रात्रीसाठी येतो. जून-जुलैत, जेव्हा अंग कमवायचं असतं, दूध-अंडी लागतात, तेव्हा कुणाचा वाढदिवस असला तरी मैदानात चिखल असतो. 15 जुलैला बुवा साळवींच्या जयंतीचा कबड्डी दिन येतो, हार घातला जातो, भाषणं होतात. पावतीपुस्तक त्या दिवशी उघडलेलं मी पाहिलेलं नाही.

'सीएसआरचे पैसे का आणत नाही?' हा प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं. 2013च्या कंपनी कायद्यातलं कलम 135 असं आहे: नक्त मूल्य 500 कोटी, उलाढाल 1,000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यांतलं काही एक ओलांडलं की सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकामावर खर्च करायचे. परिशिष्ट सातमध्ये ग्रामीण आणि राष्ट्रीय मान्यताप्राप्त खेळांचं प्रशिक्षण आहे. शब्द नीट वाचा, प्रशिक्षण. चषक नाही. शिवाय ज्या खर्चातून कंपनीची जाहिरात होते, ते प्रायोजकत्व नियमांनी वगळलेलं आहे. म्हणजे जर्सीवर नाव हवं असेल तर तो सीएसआर नाही, आणि सीएसआर हवा असेल तर मंडळाकडे 12 ए, 80 जी, सीएसआर-1 नोंदणी आणि तीन वर्षांचे तपासलेले हिशेब हवेत. आमच्या मंडळाचा चेंज रिपोर्टच प्रलंबित. ज्या कंपन्यांवर ही सक्ती येते, त्या बहुतेक चाकण, रांजणगाव, वाळूजला. तिथल्या अधिकाऱ्यासमोर बसलं की तो नम्रपणे विचारतो, "तुमची संस्था वर्षभर नेमकं काय करते?" खरं उत्तर, वर्षभर पैसे गोळा करते.

मुंबईत हा प्रश्न एका काळी वेगळ्या रीतीने सुटला होता. रेल्वे, बँका, एअर इंडिया, महिंद्रा यांनी खेळाडूला थेट नोकरीवरच घेतलं. संघाचा खर्च कंपनीच्या पगारपत्रकात बसला. लालबाग-परळच्या मंडळांना खेळाडूचं पोट भरायची चिंता उरली नाही. अशा नोकऱ्या आटत गेल्या आणि 26 जुलै 2014ला प्रो कबड्डी आली. 2023च्या लिलावात पवन सेहरावतला 2 कोटी 60 लाखांवर बोली लागली. लीगचे पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क 2021मध्ये 900 कोटींच्या वर गेले. घेणारी स्टार, आणि लीग चालवणाऱ्या कंपनीत मोठा वाटाही स्टारचाच. हिशेबनीस म्हणून मला त्या आकड्याकडे बघताना भुवई उंचवावीशी वाटते, पण खेळाडूला मिळालेले पैसे खरे आहेत, हे नाकारता येत नाही.

मात्र वरची लीग तगली म्हणून दुसरी तगते असं नाही. 2019मध्ये इंडो इंटरनॅशनल प्रीमियर कबड्डी लीग निघाली, पुण्याच्या बालेवाडीत सामने झाले, पुणे प्राइडने विजेतेपद घेतलं, आणि तिचा दुसरा हंगाम काही झाला नाही. अमेरिकेतही हेच चालतं. तिकडे बर्फावरच्या हॉकीच्या रिंगणावर हिरवं कृत्रिम गवत अंथरून बंदिस्त अमेरिकन फुटबॉल खेळतात, 50 यार्डांचं मैदान, आठ-आठ गडी. त्यांची अरिना फुटबॉल लीग 1987मध्ये सुरू झाली, 2009मध्ये दिवाळखोरीत गेली, पुन्हा उठली, 2019मध्ये पुन्हा बसली. 2024मध्ये 16 संघ घेऊन परत आली आणि काही आठवड्यांतच संघ गळू लागले. हॉलचं भाडं, प्रवास आणि खेळाडूंचा विमा या तीन खर्चांनी तिथले छोटे संघ मोडतात. त्यातला विमा तेवढा वजा करा, आमच्या रोजमेळात बाकीच्या ओळी त्याच.

बीड जिल्ह्यात गुणवत्ता नाही असं कुणी म्हणू नये. जानेवारी 2025मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असं हरवलं. कर्णधार प्रियांका इंगळे, मूळ केज तालुक्यातली, वाढली पिंपरी-चिंचवडकडे. आष्टीच्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे, पाटोद्याचा पैलवान राहुल आवारे, सगळे इथल्याच मातीचे. त्यांना सन्मान मिळाले, नोकऱ्या मिळाल्या, ते योग्यच. पण खेळाडू मोठा होतो तो बहुतेक वेळा जिल्हा सोडून, आणि सरकारचं बक्षीस व्यक्तीच्या खात्यावर जमा होतं. ज्या मंडळाने पोराला पहिली पकड शिकवली, त्याच्या खात्यावर काही येत नाही. फुटबॉलमध्ये फिफाचा नियम आहे: व्यावसायिक खेळाडूची खरेदी झाली की रकमेतले 5 टक्के तो 12 ते 23 या वयात जिथे जिथे शिकला त्या क्लबांत वाटायचे. कबड्डीच्या लिलावात गावच्या मंडळासाठी असा रकाना काढला, तर माझ्या कपाटातल्या काही पासबुकांना पालवी फुटेल.

तो रकाना दिल्ली-मुंबईत निघायचा तेव्हा निघेल. मी आयोजकांकडे त्याहून छोटी मागणी लावून धरली आहे. पहिलं बक्षीस 51ऐवजी 31 हजार ठेवा, आणि वाचलेल्या पैशातून पहिल्या फेरीत हरणाऱ्या प्रत्येक संघाला क्रूझरचं डिझेल द्या, तेही सामना संपताच, सहीनिशी. बहुतेक आयोजकांना ते पटत नाही. 51 आकडा फ्लेक्सवर भरून दिसतो, डिझेलला फोटो नसतो. यंदा गेवराईकडच्या एकाने मात्र होकार दिला. अट एवढीच की 'प्रवासखर्च सौजन्य' म्हणून त्याच्या मेव्हण्याचा फोटो लावायचा. मी म्हटलं, मोठा लावा.