अडीच गुंठ्यांचा वसंत

गेल्या वर्षी एप्रिल महिन्यात इंग्लंडमध्ये तीन आठवडे राहण्याचा योग आला. लंडनचे राजवाडे आणि पूल यांची वर्णने आपण पुष्कळ वाचली आहेत, ती मी पुन्हा सांगत बसत नाही. मी राहिलो ते एका खेड्यात. वूस्टरशायर परगण्यात एव्हन नदीच्या काठी ईव्हशॅमचे खोरे आहे. जमीन भारी, चिकणमातीची. फळबागा आणि भाजीपाला यांसाठी हा मुलूख जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. माझी पुतणी तेथे परिचारिका आहे. जावई घरीच संगणकावर काम करतात. पाच वर्षांचा नातू आहे.

निघताना थोरल्या भावाने, म्हणजे आमच्या दादाने, एक काम सोपवले होते. "पोरीला विचारून ये. आपली चार एकर ठेवायची की विकायची? माझ्याच्यानं आता होत नाही." हे ओझे पिशवीतल्या लोणच्याच्या बरणीपेक्षा जड होते. तिला कसे विचारावे ते मला सुचत नव्हते.

तिकडचा वसंत म्हणजे आपला चैत्र नव्हे. आपल्याकडे चैत्रात अंग भाजते, तिकडे सकाळी स्वेटर लागतो. पण झाडे मात्र एकदम जागी होतात. आलुबुखाराच्या बागा पांढऱ्या फुलांनी भरून जातात, मागोमाग सफरचंदाला गुलाबी कळी येते. ती पाहायला लोक लांबून येतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी सारा देश घड्याळाचा काटा एक तास पुढे करतो. एप्रिलअखेर सूर्य मावळायला साडेआठ होतात. कामावरून आलेला माणूस जेवून पुन्हा बागेत जाऊ शकतो.

पुतणीचे तसेच होते. घराला अंगण टीचभर, पण गावाबाहेर तिने एक 'अलॉटमेंट' घेतले आहे. अलॉटमेंट म्हणजे भाजी पिकवण्यासाठी वर्षाच्या खंडाने मिळणारा जमिनीचा तुकडा. मागणी असेल तर अशी जागा उपलब्ध करून द्यावी, असे बंधन १९०८ च्या कायद्याने तेथील स्थानिक संस्थांवर आहे. माप जुनेच चालते, दहा रॉड. मी हिशेब केला, आपले अडीच गुंठे भरले. तेवढ्यात बटाटा, लसूण, कांदा, वाल आणि कोपऱ्यात काचेखाली मेथी-कोथिंबीर. दवाखान्याचे कपडे बदलून ती कुदळ घेई तेव्हा मला तिची आजी आठवे.

एका रात्री दहिवर पडणार असे रेडिओने सांगितले. बटाट्याचे कोंब नुकतेच वर आले होते. पुतणी, जावई आणि मी बॅटरी घेऊन धावलो. कोंबांवर माती ओढली, जुन्या चादरी टाकल्या, वहिनींनी पाठवलेली एक जुनी साडीही अंथरली. घाईत एक ओळ राहिली. सकाळी ती काळी पडलेली. आलुबुखाराचा मोहरही अशाच एका रात्रीत जातो. आपले नाशिककडचे द्राक्षबागायतदार कडाक्याच्या थंडीत बागेत शेकोट्या पेटवतात, त्यांना हे दुःख समजावून सांगायला नको.

रविवारी सकाळी पोहे, नंतर फिरणे. तेथील पायवाटा मला फार आवडल्या. वाट सरळ उभ्या गव्हातून जाते, तरी कोणी हटकत नाही. १९४९ च्या कायद्यानंतर या वाटा नकाशावर नोंदल्या गेल्या. शेतकऱ्याने शेताच्या मधली वाट नांगरली तर चौदा दिवसांत पूर्ववत करून द्यायची, निदान एक मीटर रुंद. चालणाऱ्यानेही फाटक उघडले तर लावायचे, कुत्रे दोरीला धरायचे. पाणंदीवरून आपल्याकडे दोन-दोन पिढ्या कोर्टात जातात, ते आठवून मी गप्प झालो.

गहू ऑक्टोबरात पेरलेला, कापणी ऑगस्टमध्ये. दहा महिन्यांचे पीक! म्हणूनच हेक्टरी सरासरी आठ टनांच्या आसपास उतारा येतो. थंड हवा आणि लांब दिवस यांचा त्यात मोठा वाटा. शेजारच्या कुरणात मेंढ्या व्यालेल्या. आईच्या आणि पिलाच्या अंगावर रंगाने एकच आकडा घालतात, चुकामूक होत नाही. नातवाने त्यावरच आकडे वाचायला सुरुवात केली. वाटेत एका घरापुढे टेबलावर ॲस्परागसच्या जुड्या, शेजारी पैशांचा डबा, माणूस कोणी नाही. हे शतावरीच्या कुळातले कोंब. कापणी २३ एप्रिलच्या सुमारास सुरू आणि २१ जूनला बंद. पुढे कोंब येत असले तरी कापत नाहीत. झाड वाढून मुळात साठा झाला तरच पुढच्या वर्षी पीक. थांबणे हाही शेतीचा भाग आहे.

अलॉटमेंटच्या शेजारचे म्हातारबाबा आयुष्यभर ट्रॅक्टर चालवलेले. २००१ साली लाळ्या-खुरकुताची साथ आली तेव्हाचे त्यांनी सांगितले. देशभर साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली, पायवाटा बंद झाल्या. "त्या वसंतात आमच्या शिवारात एक कोकरू ओरडलं नाही," म्हणताना त्यांचा आवाज बसला. आपल्याकडे राष्ट्रीय कार्यक्रमातून या रोगाची लस सरकार देते. तरी दूध आटेल म्हणून टोचू न देणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना हे बाबा भेटायला हवे होते.

त्याच संध्याकाळी बाबांनी विचारले, "तुमच्या घरची शेती कोण बघतं?" पुतणी माझ्याकडे पाहू लागली. मग मी दादाचा निरोप सांगितला.

बराच वेळ ती माती चाळत राहिली. मग म्हणाली, "काका, मी परत येऊन शेती करीन असं खोटं सांगणार नाही. दादांना ओढवत नसेल तर वाट्यानं द्या, विकायची तर विका. त्यांच्या जिवापेक्षा जमीन मोठी नाही. पण विहिरीजवळचे अडीच गुंठे ठेवा. मी सुटीला येते तेव्हा उभं राहायला जागा हवी."

मी परतल्यावर दादाला हे जसेच्या तसे सांगितले. तो काही बोलला नाही. आठ दिवसांनी मात्र शेजारच्या एका होतकरू जोडप्याला त्याने जमीन वाट्याने दिली. सध्या तरी विक्रीचे नाव काढलेले नाही. पुढे विकायची वेळ आलीच तर तुकडेबंदीचे काय, ते तलाठ्याकडे विचारावे लागेल. विहिरीजवळच्या तुकड्यात वहिनींनी मेथी टाकली आहे.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांची मुले दूर आहेत. त्यांना जमिनीबद्दल काय वाटते ते आपण मनाशीच ठरवून टाकतो. एकदा सरळ विचारून पाहा. आणि न्हाणीचे पाणी जेथे वाया जाते तेथे गुंठाभर भाजी लावा. तिला परदेश लागत नाही.