सँडविचचा कोपरा दिसला पाहिजे

मुंबईहून नागपूरला निघालेल्या सकाळच्या विमानात एका गृहस्थांनी पोहे मागवले. पैसे कार्डावर, पोहे कागदी पेल्यात. केबिन क्रूमधल्या मुलीनं पेल्यात गरम पाणी ओतलं, झाकण दाबून बसवलं आणि थोडा वेळ थांबा म्हणून सांगून ट्रॉली पुढे नेली. गृहस्थ झाकणाकडे बघत थांबले. खिडकीशी बसलेल्या बाईंनी तेवढ्यात पर्समधून धपाट्याची गुंडाळी काढली, खाल्ली आणि फॉइलची गोळी करून मोकळ्याही झाल्या. आणि हे विमान उतरणार कुठं, तर नागपुरात! जिथं पोह्यांवर चण्याची लालभडक तर्री ओतून मिळते आणि पोहे कसे नसावेत यावर रिक्षावालासुद्धा स्टँडपासून घरापर्यंत बोलू शकतो.

पोह्यांना पाणी नुसतं दाखवायचं असतं. पाण्यात बसवून ठेवलं की त्यांचे पोहे राहत नाहीत.

पण सगळा दोष पेल्याच्या माथी मारता येत नाही. विमान पस्तीस हजार फुटांवर असताना आतली हवा दाबून भरलेली असते, तरी ती जमिनीवरच्यासारखी नसते. सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा इतपतच तिचा दाब असतो. कळसूबाईचं शिखर साधारण ५,४०० फूट. म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच माथ्याच्याही वर बसून माणूस चहा मागत असतो. तिथं पाणी ९२ ते ९४ अंशांवरच उकळून मोकळं होतं. आलं ठेचून, दूध घालून, तीनदा वर येऊ दिलेला चहा विमानात मिळत नाही यात कंपनीचा कंजूषपणा थोडा आणि निसर्गाचा जास्त. त्यात हवा कोरडी, नाक सुकलेलं, कानात इंजिनाची घरघर. मीठ आणि गोड दोन्ही जिभेला कमी लागतात.

लुफ्तान्झा या विमान कंपनीच्या एक गंमत लक्षात आली होती. जमिनीवर ज्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही तो टोमॅटोचा रस विमानात बिअरच्या बरोबरीनं खपत होता. त्यांनी जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेला विचारलं. संस्थेनं एअरबसच्या सांगाड्याचा तुकडा कमी दाबाच्या नळकांड्यात ठेवला, त्यात माणसं बसवली आणि त्यांना खायला-प्यायला घातलं. खाली कुबट वाटणारा टोमॅटो वर फळासारखा, गोडसर लागतो, असं निघालं. प्रवासाला निघताना डब्यात लोणच्याची फोड टाकणाऱ्या बायकांना हे सांगायला प्रयोगशाळा लागली नसती.

तेव्हा विमानातलं जेवण पूर्वी फार चविष्ट होतं, या आठवणीवर थोडं मीठ टाकूनच ती घ्यावी. ते फुकट होतं ही आठवणसुद्धा अर्धीच खरी. ११ ऑक्टोबर १९१९ रोजी लंडन-पॅरिस मार्गावर हँडली पेज कंपनीनं जगातलं पहिलं विमानी जेवण दिलं. थंडगार, डब्यात भरलेलं, आणि तीन शिलिंगला. नागपूरच्या विमानातले ते गृहस्थ १९१९ च्याच रांगेत उभे आहेत, फक्त कार्ड घेऊन.

मग मधल्या काळात लॉब्स्टर, कॅव्हियार, चांदीचे काटेचमचे आणि पॅरिसच्या माक्सीम रेस्तराँच्या नावानं येणारी ताटं कुठून आली? त्याचं उत्तर एका सँडविचमध्ये आहे, आणि त्या सँडविचवर एकेकाळी कज्जे झाले होते.

झालं असं. आयाटा ही विमान कंपन्यांची संघटना १९४५ साली हवानात स्थापन झाली. आंतरराष्ट्रीय तिकिटांचे दर ती ठरवायची. न्यूयॉर्क-लंडन म्हटलं की सगळ्यांचं भाडं एकच; कुणी एक डॉलर कमी करायचा नाही. विमानंही जवळपास एकसारखी, वेगही तोच. मग गिऱ्हाईक ओढायचं कशानं? ताटानं. भाड्यावर स्पर्धा बंद केली की स्वयंपाकघरात सुरू होते. १९५८ च्या एप्रिलमध्ये अटलांटिकवर इकॉनॉमी हा नवा स्वस्त वर्ग सुरू झाला, तेव्हा आयाटानं ही वाटही बुजवायचं ठरवलं. स्वस्त तिकिटाला स्वस्त खाणं: या वर्गात फक्त सँडविच द्यायचं, साधं, थंड, कमी खर्चाचं.

अमेरिकन पॅन ॲमनं नियम पाळला. पावाचे दोन काप, मध्ये काहीतरी. पण हा नियम लिहिताना कुणाला स्कँडिनेव्हियाची आठवण झाली नव्हती. डेन्मार्कमध्ये सँडविच उघडं असतं. खाली पावाची एक पातळ चकती, आणि तिच्यावर जे रचतात ते आपल्याकडे पंगतीत चार वेळा वाढून होईल एवढं. स्कँडिनेव्हियन कंपनी एसएएसनं शांतपणे आपल्या गावचं सँडविच दिलं. पाव होता, थंड होतं, नियम मोडला असं म्हणायची सोय नव्हती. केएलएम, स्विसएअर, एअर फ्रान्स यांनीही आपापल्या परीनं हात सैल सोडले. पॅन ॲमनं तक्रार ठोकली की हे सँडविच नसून जेवण आहे.

यावर लंडनला रीतसर बैठक बसली. जेट युगाच्या उंबरठ्यावर, अटलांटिक सहा-सात तासांत ओलांडायची तयारी चालू असताना, मोठमोठ्या कंपन्यांचे सुटाबुटातले प्रतिनिधी सँडविच म्हणजे काय यावर खल करत होते. व्याख्या झाली. सँडविच थंड हवं, त्यात मोठा भाग पावाचा हवा, ते आपल्या आपण हातात उचलता यायला हवं. आणि स्मोक्ड सामन, ऑयस्टर, कॅव्हियार, लॉब्स्टर, शतावरी असले उंची पदार्थ त्यात नकोत. एसएएसला वीस हजार डॉलर दंड झाला. आणि त्यांच्या सँडविचचा एक कोपरा उघडा ठेवायचा असं ठरलं, म्हणजे खाली पाव आहे हे प्रवाशाला दिसेल. एसएएसचं यात नुकसान काहीच झालं नाही. ज्यांचं सँडविच दंड भरण्याइतकं चांगलं आहे त्यांच्या विमानात बसायला कोण नको म्हणेल?

या गोष्टीत स्वयंपाक्याचं कौतुक आहे, पण भाडं कोण भरत होतं हेही आहे. त्या शतावरीची किंमत तिकिटातच होती, आणि ते तिकीट कारकुनाच्या, मास्तराच्या आवाक्याबाहेरचं होतं. चांगलं खाणं ही महागड्या भाड्याची पोर होती.

मुंबईतही याच न्यायानं एअर इंडिया सजली. भाड्यात फरक करता येत नाही ना, मग मिशाळ महाराजा आणा. बॉबी कूका यांच्या डोक्यातून आणि उमेश राव यांच्या कुंचल्यातून तो १९४६ मध्ये आला. पुढे १९७१ मध्ये पहिलं जंबो जेट ‘एम्परर अशोक’ आलं, तेव्हा खिडक्यांभोवती झरोके रंगवले होते. ॲशट्रे करून घ्यायची तर साल्वादोर दालीकडून, आणि मोबदला म्हणून दालीनं मागितलं हत्तीचं पिल्लू. कंपनीनं ते पाठवलं. आजच्या कुठल्या खर्च-विभागानं ती मंजुरी दिली असती, हे डोळ्यांसमोर आणून बघावं.

पण हत्तीपेक्षा जास्त मोलाची गोष्ट जेआरडी टाटांच्या टिपणांत आहे. कंपनीचा अध्यक्ष विमानात बसून काय बघत होता, तर पडदे, बिअर ओतायची पद्धत, आणि चहा. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला एका दौऱ्यानंतर त्यांनी लिहून कळवलं की जिनिव्हाहून विमानात चढणारा चहा रंगानं कॉफीपासून वेगळा ओळखू येत नाही. लॉब्स्टर गेला याचं फारसं दुःख नाही. चहाचा रंग बघणारा माणूस गेला हे मात्र खटकतं. फेब्रुवारी १९७८ मध्ये मोरारजी देसाई सरकारनं जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिकेत अध्यक्ष कार्टर यांनी देशांतर्गत विमानभाडी मोकळी करणाऱ्या कायद्यावर सही केली. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

भाडी मोकळी झाली आणि ताट आकसू लागलं. अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख रॉबर्ट क्रँडल यांनी १९८७ मध्ये सॅलडमधलं एक ऑलिव्ह काढायला लावलं आणि वर्षाला चाळीस हजार डॉलर वाचवले, ही कथा व्यवस्थापनाच्या वर्गात अजून कौतुकानं सांगतात. कौतुक कशाचं, हा प्रश्न आहेच. ऑलिव्ह नसल्याचं कुणाला कळलं नाही, आणि तिथूनच पुढचं सगळं सोपं झालं.

आपल्याकडे इंडियन एअरलाइन्सच्या काळात ट्रेमधून गोळ्या आणि कानात घालायला कापूस फिरायचा. पोरं मूठभर गोळ्या उचलायची, आया डोळे वटारायच्या आणि स्वतः दोन घ्यायच्या. १९९३ मध्ये जेट एअरवेज आली. दीड तासाच्या प्रवासात गरम नाश्ता, लिंबू सरबत, ओला रुमाल. २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन आली आणि खाणं विकत झालं. २००६ मध्ये इंडिगो. ओव्हन काढले, आसनं वाढवली. जे ए-३२० विमान दोन वर्गांत दीडशे माणसं नेतं त्यात १८० बसवली. गरम ताटं चढवायची-उतरवायची नसली, सांडलेलं वरण पुसायचं नसलं की विमान अर्ध्या तासात पुन्हा उडतं. ज्यांनी शॅम्पेनची आणि हेडफोनची खैरात केली त्या किंगफिशरचं काय झालं हे सर्वांना ठाऊक आहे. जेटही २०१९ च्या एप्रिलमध्ये जमिनीवर आली. २०१७ मध्ये एअर इंडियानं देशांतर्गत इकॉनॉमीतून सामिष जेवण काढलं. खर्च आणि नासाडी वाचवायला, असं कारण दिलं. कोंबडी खाणाऱ्यांनी थोडा आरडाओरडा केला, मग तेही पनीर खाऊ लागले.

त्याच २०१७ च्या २७ एप्रिलला ‘उडान’ योजनेतलं नांदेड-हैदराबाद विमान सुटलं. तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपयांची कमाल मर्यादा. नांदेडहून पहिल्यांदा विमानात बसलेल्या माणसाला शतावरी दिली नाही म्हणून तो आयाटाकडे जाणार नव्हता.

खाणं मात्र नाहीसं झालेलं नाही, खाली उतरलंय. मुंबईच्या टर्मिनल दोनवर पहाटे लाउंजच्या दाराशी क्रेडिट कार्ड हातात धरून लोक इडली-उपम्यासाठी रांगेत उभे असतात. विमानात जी आस होती ती आता बँकेनं विकत घेतली आहे. ज्यांच्याकडे तसलं कार्ड नाही ते टर्मिनलमधल्या चहाची किंमत वाचून पाण्याच्या नळाकडे वळतात. ही किंमत शेवटी संसदेतही गाजली. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकात्याच्या विमानतळावर ‘उडान यात्री कॅफे’ उघडला: चहा दहा रुपये, पाण्याची बाटली दहा, समोसा वीस. कोलकात्याचा विमानतळ समुद्रसपाटीपासून जेमतेम पाच मीटर उंच आहे, त्यामुळे पाणीही तिथं पूर्ण शंभर अंशांवर उकळतं.