श्रद्धांजली सभेला आलेल्यांच्या हाती काय द्यावे?

दुःखाच्या प्रसंगी आपल्या समाजातील माणसे हातची कामे सोडून धावून येतात. पेढी अर्धा दिवस बंद ठेवतात, रात्रभर प्रवास करून पोहोचतात. मात्र श्रद्धांजली सभेत त्यांच्या वाट्याला केवळ ऐकणे येते. संघ, मंडळे आणि व्यापारी संघटना यांचे शोकसंदेश एकामागून एक वाचले जातात. मजकूर बहुधा तोच, नाव तेवढे वेगळे. तासाभराने मंडळी हात जोडून निघतात. दिवंगताविषयी ज्यांना खरोखर काही सांगता आले असते, ती माणसे अनेकदा शेवटच्या रांगेत उभी असतात.

जैन दर्शनात पिंडदानाला वा श्राद्धाला स्थान नाही. ज्याचे कर्म त्यानेच भोगायचे; मागे राहिलेल्यांचे पुण्य गेलेल्याच्या खात्यात वर्ग होत नाही. म्हणून सभेत जे काही करायचे, ते उरलेल्यांसाठीच असते. करणे, करविणे आणि अनुमोदन देणे हे कर्माचे तीन प्रकार आपण लहानपणापासून ऐकतो. दिवंगताच्या सत्कृत्याला अनुमोदन द्यावे आणि त्यातील थोडेसे आपण स्वतः करावे, एवढेच आपल्या हाती राहते. पाहुण्यांसाठी एखादा उपक्रम योजताना हे ध्यानी ठेवले, तर पुष्कळ गोंधळ टळतो.

पुण्याच्या मार्केट यार्डातील एका भुसार व्यापाऱ्याच्या घरी याचा प्रत्यय आला. शेठजी वयाच्या ७४ व्या वर्षी निवर्तले. सभेला चार दिवस होते. धाकट्या मुलाने कार्यक्रमांचे आयोजन करणाऱ्या एका मंडळींकडून प्रस्ताव मागविला. त्यात मोठा पडदा, चित्रफीत, मेणबत्त्या, फुलांच्या पाकळ्या आणि अखेरीस प्रत्येकाने आकाशात सोडायचा पांढरा फुगा असा थाट होता. थोरल्याने तो कागद बाजूला सारला. "आपल्याकडे ही पद्धत नाही," एवढेच तो म्हणाला.

आईने दोघांचेही ऐकून घेतले. "ह्यांनी कधी झाडाचं फूल तोडलं नाही. तो फुगा कुठल्या पाखराच्या घशात जाईल, कोणी पाहिलंय? पण पद्धत नाही म्हणून काहीच करायचं नाही, असंही नको. ते रोज काय करायचे, ते आठवा."

आठवायला फार वेळ लागला नाही. शेठजी दुकानात जाण्यापूर्वी रोज सामायिक करीत. सामायिकाचा काळ दोन घटिकांचा, म्हणजे ४८ मिनिटांचा. तो मोजण्यासाठी वाळूचे घड्याळ त्यांच्यापुढे असे. तेच घड्याळ सभेत ठेवावे आणि वाळू संपताच सभा आटोपावी, असे ठरले. शोकसंदेश पाठविणाऱ्यांची केवळ नावे वाचायची, म्हणजे तेवढ्या वेळात सारे बसते.

दुसरी गोष्ट चिठ्ठ्यांची. धान्याच्या नमुन्याच्या पुड्या बांधायचा तपकिरी कागद दुकानात होताच. त्याचे तुकडे करून प्रत्येक आसनावर ठेवले गेले. स्तुती लिहू नये, शेठजींशी झालेला एखादा व्यवहार दोन ओळींत लिहावा, अशी विनंती होती. हमाल आणि तोलणार यांच्यापैकी ज्यांना लिहिता येत नव्हते, त्यांच्याजवळ नातवंडे पेन घेऊन बसली.

तिसरी गोष्ट नियमाची. एक नवकारवाळी, आठवडाभर रात्रिभोजनाचा त्याग किंवा एक तास मौन, यांपैकी झेपेल ते मनातल्या मनात स्वीकारावे. नवकारवाळीचे १०८ मणी म्हणजे पंच परमेष्ठींचे गुण: अरिहंतांचे १२, सिद्धांचे ८, आचार्यांचे ३६, उपाध्यायांचे २५ आणि साधूंचे २७. अन्य धर्मीयांनी आपापल्या देवाचे नाव घ्यावे. कोणी काय स्वीकारले याची नोंद ठेवायची नाही, हेही ठरले.

खरा पेच निराळाच होता. शेठजींच्या कपाटात एक खिशातली डायरी सापडली. कोणाला औषधासाठी पाचशे, कोणाला मुलांच्या फीसाठी दोन हजार, अशा हातउसन्या रकमा तीत लिहिलेल्या होत्या. पेढीच्या खतावणीत यांपैकी काहीच नव्हते. धाकट्याला वाटले, सभेत एकेकाला नाव घेऊन पुढे बोलवावे आणि त्याचे पान त्याच्या हाती द्यावे. वडिलांच्या औदार्याचे याहून सुंदर स्मरण कोणते? थोरल्यालाही हे पटू लागले होते.

आई म्हणाली, "ज्यांनी जन्मभर ही नावं तोंडातून काढली नाहीत, त्यांच्या सभेत तुम्ही ती माईकवर वाचणार?"

डायरी पुन्हा कपाटात गेली.

सभा ठरल्याप्रमाणे पार पडली. संध्याकाळी घरी चिठ्ठ्या वाचताना एका तोलणाराने लिहवून घेतलेला मजकूर हाती आला. मुलीच्या फीचे पैसे शेठजींनी दिले, कधी मागितले नाहीत. दरमहा शंभर रुपये फेडत आलो, सातशे राहिले आहेत, तेही देईन, असे त्यात होते. थोरला म्हणाला, "त्याला उद्या सांगतो, राहू द्या म्हणून." आईने मान हलविली. "त्यानं आणले तर घ्या. फेडतोय, हा त्याचा मान आहे. जो आणणार नाही, त्याला विचारू नका." पुढील सात महिने ते शंभर रुपये पेढीवर येत राहिले आणि त्याच दिवशी पांजरपोळात जमा होत राहिले. डायरीतील अन्य नावे कोणाच्याही कानावर गेली नाहीत.

प्रत्येक घरची सभा निराळी होईल. कोणाचे वडील मुलांना गणित शिकवीत असतील, कोणाची आई आयंबिलाच्या ओळीत वाढायला जात असेल. उपक्रम त्या सवयीतून निघावा. ठरविण्यापूर्वी घरच्यांनी तीन गोष्टी पडताळून पाहाव्यात. दिवंगताने स्वतः हे केले असते का? सभेतील सर्वांत गरीब माणसाला ते संकोच न वाटता करता येईल का? आणि त्यामुळे कोणाचे झाकलेले उघडे पडणार नाही ना? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर घरातील वडीलधाऱ्या स्त्रीला विचारावे. बहुधा तिला ते ठाऊक असते.