झाकण किती वाजता उघडतं?

हैदराबादेत चांगली मटण बिर्याणी कुठे मिळेल, असं चौघांना विचारावं आणि बाजूला व्हावं. उरलेलं काम तेच करतात. एकजण पॅरडाइजचं नाव घेतो. 1953 साली सिनेमागृहातलं साधं कॅन्टीन म्हणून सुरू झालेलं हे ठिकाण आज सिकंदराबादचा पत्ता सांगायच्या कामी येतं. दुसरा चारमिनारच्या बाजूच्या शादाबवर अडून बसतो, तिसरा आरटीसी चौरस्त्यावरच्या बावर्चीवर. चौथ्याच्या मते खरी बिर्याणी फक्त लग्नात मिळते. या चौथ्याकडे सहसा कुणी लक्ष देत नाही, आणि शोधाची गडबड तिथेच सुरू होते.

कारण शोधणाऱ्याला हवं असतं उत्तम हॉटेल. शुभ्र टेबलक्लॉथ, हलक्या पावलांचे वेटर, आणि थाळीत निजामाच्या मुदपाकखान्याचा वारसा. हैदराबादेत याची सोयही आहे. पायगाह घराण्यातल्या विकार-उल-उमरा यांनी 1884 मध्ये टेकडीवर बांधायला घेतलेला फलकनुमा महाल पुढे सहाव्या निजामाकडे, महबूब अली खानांकडे गेला. 2010 पासून तिथे ताजचं हॉटेल आहे. एका टेबलाभोवती 101 पाहुणे बसतील असं भोजनगृह तिथे आजही पाहता येतं. त्या टेबलाकडे जरा वेळ बघावं. एकाच वेळी एवढी माणसं जेवायला बसत, तेव्हा भटारखान्यातल्या देगा किती मोठ्या असतील आणि त्या कशा एकदम उघडत असतील, याचा अंदाज येतो.

हैदराबादची कच्ची बिर्याणी ही देगेची आणि घड्याळाची गोष्ट आहे. दही, आलं-लसूण, कच्ची पपई, तळलेला कांदा, पुदिना आणि गरम मसाला लावलेलं मटण कच्चंच तळाशी जातं. वर तांदूळ, तोही अर्धकच्चा. आचारी उकळत्या आधणातून एक शीत काढतो आणि बोटांच्या चिमटीत दाबतो. आत कणी किती उरली, यावर सगळा खेळ. पहिला थर जास्त कणीचा, कारण त्याला खालच्या मटणाची वाफ आणि रस मिळणार असतो. वरचे थर जरा जास्त शिजवून घ्यायचे. मग केशराचं दूध, तूप, झाकण, आणि कडेनं कणकेची वळी. खाली आच, झाकणावर निखारे. यानंतर चमचा घालून बघता येत नाही. कणकेच्या फटीतून वाफ जोरात यायला लागली की आच कमी करायची, आणि पुढचा भरवसा कानांवर नि नाकावर. भात आणि मटण एकाच क्षणी तयार व्हायला हवं. दहा मिनिटांचा फरक पडला तर मटण चिवट राहतं, नाहीतर भाताचा लगदा होतो.

आता हेच महागड्या हॉटेलात बसवून बघा. गिऱ्हाईक साडेसातला येतं, दुसरं साडेदहाला. प्रत्येकाला आपापली छोटी हंडी हवी, तीही अर्ध्या तासात. कच्च्या बिर्याणीला हे जमणारं नाही. म्हणून बरीच हॉटेलं मटण आधी शिजवून ठेवतात, भात वेगळा करतात, थर लावतात आणि हंडीवर कणकेचा पडदा चढवून भट्टीत सरकवतात. वेटर टेबलाशी येऊन सुरीनं तो पडदा कापतो, केवड्याचा वास उसळतो, मोबाइल बाहेर निघतात. दिसायला झकास. पण तळाच्या शितात मटणाचा रस मुरलेला नसतो.

याला फसवणूक म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. मटण आणि भात आधी शिजवून मग दमावर मिलाफ घडवणं ही अवधची जुनी रीत. शेफ इम्तियाज कुरेशी यांनी दिल्लीच्या आयटीसी मौर्य हॉटेलातल्या ‘दम पुख्त’ या रेस्टॉरंटमध्ये ती पंचतारांकित टेबलावर इतकी नजाकतीनं आणली, की 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लखनवी बिर्याणी हंडीत मावते, कारण तिचा जीवच नाजूक. हैदराबादी बिर्याणीला तीच हंडी अपुरी पडते.

मटणाचाही प्रश्न आहेच. आपल्याकडे मटण म्हटलं की बोकड. हैदराबादेत कोवळ्या मेंढ्याला, म्हणजे पोटल्याला, मोठा मान. ते साहजिकच आहे: 2019 च्या पशुगणनेत मेंढ्यांच्या संख्येत तेलंगण देशात पहिलं होतं, सुमारे 1 कोटी 90 लाख. त्यात दख्खनी मेंढीही आली, आपल्या धनगरांच्या वाड्यांबरोबर दिवाळीनंतर कोकणात उतरणारी. रोज मैलोन्‌मैल चालणाऱ्या या जनावराच्या मांसाला चव असते आणि चिवटपणाही; पपई त्याचसाठी. परदेशातून आलेलं लुसलुशीत लॅम्ब याच पद्धतीनं केलं तर हाडावरून गळून पडतं. जिभेला बरं वाटतं, पण चावायला काही उरत नाही. हाड, चरबी, मानेचा तुकडा हे सगळं काढून टाकणारा शेफ बिर्याणीचं भलं करत नाही.

देगेचं आणि वेळेचं हे गणित मराठवाड्यातल्या माणसाला फार समजवावं लागत नाही. 1948 पर्यंत त्याची राजधानी हैदराबादच होती, आणि नांदेड-औरंगाबादच्या दावतींत देग उघडण्याची वेळ साधून पोहोचणारे दर्दी आजही आहेत. उशिरा येणाऱ्याला वरचा पांढरा भात मिळतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

तेव्हा मोठ्या हॉटेलात जायचंच असेल, तर आदल्या दिवशी फोन करावा. मटण कच्चं लावता का, झाकण किती वाजता उघडता आणि किती माणसांसाठी करता, एवढं विचारावं. तयार होणारे आचारी असतात; अट बहुधा एकच, दहा-बारा माणसं हवीत. इथे मराठी माणसाचा खरा कस लागतो. एकाचा सोमवार, दुसऱ्याचा शनिवार, तिसऱ्याची संकष्टी, आणि मध्ये अख्खा श्रावण. महिनाभर खटपट करून जुळवलेल्या दहांपैकी एकजण टेबलाशी बसता बसता हमखास विचारतो, ‘चिकन नाही का सांगितलं?’