दाढी, काठी आणि खोकला

चित्रपट पाहून घरी परतताना नायकाचे नाव प्रत्येकाच्या ओठांवर असते. "आणि तो म्हातारा कोण हो?" असे कुणी विचारले, की मात्र सारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात! 'गाईड' (१९६५) पाहिलेल्यांना देव आनंद आठवतो. दुष्काळी गावातला श्रद्धाळू भोलाही आठवतो. पण भोला झालेले गजानन जागीरदार किती जणांना आठवतात? चरित्र अभिनेत्याच्या नशिबी हेच असते. भूमिका जितकी खरी, तितका तो तिच्यात नाहीसा होतो.

जागीरदार मूळचे अमरावतीचे, जन्म १९०७ चा. १९४१ साली शांतारामबापूंच्या 'शेजारी'त त्यांनी मिर्झा उभा केला. मिर्झा आणि केशवराव दात्यांचा जिवबा हे जिवाभावाचे दोन वृद्ध शेजारी. गावात धरणाचे काम निघते, स्वार्थी माणसे दोघांत वितुष्ट आणतात. आणि शेवटी फुटलेल्या धरणाच्या पाण्यात दोघे मित्र एकत्रच जगाचा निरोप घेतात. हा वृद्ध मिर्झा साकारला, तेव्हा जागीरदारांचे वय होते अवघे चौतीस! पुढे तीनच वर्षांनी, 'रामशास्त्री'त, नारायणरावाच्या खुनाबद्दल राघोबादादांना भर दरबारी दोषी ठरविणारे न्यायाधीशही तेच झाले, दिग्दर्शनही त्यांचेच.

हे सारे मी आमच्या हिंगोलीच्या मुलांना हटकून सांगतो. कारण शाळेचे नाटक बसविताना राजा व्हायला वीस हात वर होतात आणि आजोबांसाठी एकही नाही. ज्याच्या गळ्यात आजोबा पडतात, तो पहिल्याच तालमीला कमरेत वाकून, हात थरथरवीत, खोकत येतो. दाढी, काठी आणि खोकला मिळून आजोबा होतात, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते.

एके वर्षी संत नामदेवांवर नाटक होते. नामदेवांचे नर्सी आमच्याच जिल्ह्यात, तेव्हा गावाची उत्सुकता मोठी. नैवेद्याचे ताट छोट्या नाम्याच्या हाती सोपवून परगावी निघणारे वडील दामाशेटी हवे होते. आवाज आणि समज पाहून मी एक मुलगा निवडला. तालीम संपल्यावर तो मागे रेंगाळला आणि खाली मान घालून म्हणाला, "सर, मी मुसलमान आहे. चालेल ना?"

मी त्याला 'शेजारी'च्या हिंदी अवताराची, 'पडोसी'ची हकिगत सांगितली. त्यात मिर्झा पुन्हा जागीरदारच होते आणि त्यांचा हिंदू शेजारी ठाकूर झाले होते मझहर खान. म्हणजे मुसलमान झाला हिंदू नट आणि हिंदू झाला मुसलमान नट! मुलगा हसला. म्हणाला, "मग मी आमच्या दादांना बघून करतो."

आठ दिवस तो आपल्या आजोबांना न्याहाळीत होता. नाटकाच्या दिवशी त्याने खोकला काढला नाही, की काठी घेतली नाही. बसताना आधी हात जमिनीला टेकला, क्षणभर थांबला आणि मग बसला. ताट सोपवून निघाला आणि उंबरठ्यावरून मुलाकडे वळून पाहिले. पुढच्या रांगेतल्या एका आजीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. त्याचे आडनाव कुणी विचारले नाही. दामाशेटींना आडनाव कोण विचारणार?

पुण्याच्या ज्या आवारात 'शेजारी' तयार झाला, तिथेच 'प्रभात' बंद पडल्यावर, १९६० साली सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट काढली. आणि तिचे पहिले प्राचार्य झाले जागीरदार! जिथे स्वतः रंग फासून उभे राहायचे, तिथेच नव्या मुलांपुढे शिक्षक म्हणून उभे राहिले. पुढे 'अभिनय कसा करावा' हे पुस्तकही त्यांनी लिहिले. मला यात मोठे औचित्य वाटते. नायक आपली ऐट दुसऱ्याला देऊ शकत नाही. ती त्याच्याबरोबरच जाते. चरित्र अभिनेत्याची पुंजी वेगळी असते: शेजारच्या माणसाकडे इतके लक्ष देऊन पाहायचे, की घटकाभर आपण तो व्हावे. ही विद्या शिकविता येते.

आणि ती नटांपुरतीच कशाला हवी? दिवाळीचा फराळ घेऊन शेजारच्या घरी जाल, तेव्हा ताट देऊन लगेच परतू नका. घटकाभर बसा आणि त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडे नीट पाहा!