दाढ गप्प बसली, म्हणून...

*दुखणं थांबलं की आपण पुढच्या डेडलाइनला लागतो. माझी दाढ मात्र गपचूप ओव्हरटाइम करत होती!*

सातारकर मुलगी कंदी पेढ्याला नाही म्हणते, तेव्हा काहीतरी सीरियस आहे असं समजावं. 2023 च्या दिवाळीत मी पेढा परत ठेवला आणि आईने भुवया उंचावल्या.

दीड वर्षापूर्वी साताऱ्यातच माझ्या वरच्या उजव्या दाढेचं रूट कॅनाल झालं होतं. तीन सिटिंग्ज, आणि ठणका गायब! ‘पंधरा दिवसांत कॅप बसवून घ्या,’ डॉक्टर म्हणाले. मी मान डोलावली. पण फ्रीलान्सरचं गणित वेगळं असतं. कॅप म्हणजे दोन लेखांचं मानधन, तेही तीन महिन्यांनी हातात येणारं. शिवाय दुखत कुठे होतं? वरचं तात्पुरतं सिमेंट तसंच राहिलं.

मग हिरडीवर एक पुळी आली. फुटली, तोंडात खारट चव आली, बरं वाटलं. असं तीनदा झालं. दरवेळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून अँटिबायोटिकची स्ट्रिप आणायची, तीन दिवस घ्यायची, उरलेल्या गोळ्या पर्समध्ये! पुढे उजवी नाकपुडी चोंदायला लागली, गाल जड, नाकात घाण वास. ‘सायनस आहे,’ मीच डायग्नोसिस केलं. वाफ, स्प्रे, सगळं झालं. गंमत म्हणजे, त्याच महिन्यात मी ‘ऑफिस आणि आरोग्य’ यावर लेख लिहून मोकळी झाले होते.

भाऊबीजेला सांगलीला आत्याकडे गेले. तिने एकच प्रश्न विचारला, ‘सर्दी कधी एकाच नाकपुडीला होते का गं?’ दुसऱ्या दिवशी गाल टम्म सुजला, ताप चढला. आत्याने मला थेट रूट कॅनालमधल्या एमडीएस डॉक्टरांसमोर बसवलं.

थ्रीडी स्कॅन झाला आणि मॅडमनी पेन्सिलने कागदावर दाढ काढली. वरच्या पहिल्या दाढेला मुळं तीन, पण गालाकडच्या पुढच्या मुळात बऱ्याचदा दुसरी, केसासारखी बारीक नळी लपलेली असते. माझी तीच राहून गेली होती. त्यात कॅप नाही, म्हणजे झिरपणाऱ्या लाळेबरोबर जंतूंना वरूनही वाट मोकळी. या दाढेच्या मुळांच्या टोकांवर सायनसची पोकळी असते, मध्ये फक्त पातळ हाड. इन्फेक्शन तिथवर पोचलं होतं.

‘मग एवढ्या गोळ्या घेतल्या त्याचं काय?’

‘गोळी रक्तातून जाते. मेलेल्या दाढेच्या आत रक्तच नाही. ती दारापर्यंत येते, आत जात नाही.’

पर्याय दोन. दाढ काढायची, किंवा रूट कॅनाल पुन्हा करायचं. गॅरंटी कशाचीच नव्हती. मी दुसरा निवडला. सातारा-सांगली हे सव्वाशे किलोमीटर मी तीनदा केले. मायक्रोस्कोपखाली आधी भरलेलं गटापर्चा काढलं, चौथी नळी शोधली, हायपोक्लोराइटने धुतली, आत कॅल्शियमचं औषध ठेवलं आणि शेवटी सगळं पुन्हा भरलं. यावेळी कॅप लगेच!

राग मात्र सातारच्या डॉक्टरांवर होता. स्कॅन घेऊन मी तावातावाने गेले. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. ‘ही नळी माझ्याकडून राहिली,’ ते म्हणाले. एवढं सरळ उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. माझी सगळी भाषणं घशातच राहिली, कारण टेबलावर माझं जुनं कार्ड होतं. त्यावर त्यांच्याच अक्षरात दोनदा लिहिलेलं: ‘कॅपसाठी फोन केला. आल्या नाहीत.’

वर्षभराने एक्स-रे काढला. मुळाशी दिसणारा काळा डाग लहान झालाय, गेलेला नाही. हाड भरायला वेळ लागतो, म्हणे. नाहीच भरलं, तर मुळाच्या टोकाची छोटी सर्जरी. नाक मात्र मोकळं आहे.

तुमच्याही पर्समध्ये अर्धी स्ट्रिप असेल तर गोळ्या मोजू नका, डॉक्टरांना फोन करा. आणि ताप, डोळ्यापर्यंत चढलेली सूज, तोंड उघडायला, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास असेल, तर मीटिंग सोडा आणि थेट हॉस्पिटल गाठा.

पेढा मी पुन्हा खायला लागलेय. सध्या डावीकडून.